सोलापूरच्या उन्हात वेगळ्या घडणीची इमारत बांधायची, तर कोणत्या वास्तूंकडे पाहावे?

ग्रंथसदस्य, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. सध्याची जागा अपुरी पडू लागल्याने नवी इमारत बांधण्याचे ठरले असून त्यासाठी दोन आराखडे आमच्यापुढे आले आहेत. पहिला चारचौघांसारखा, म्हणजे सिमेंटचा चौकोनी सांगाडा, सरकत्या खिडक्या आणि वर सपाट गच्ची असा आहे. दुसऱ्यात रस्त्याकडील संपूर्ण दर्शनी बाजू निळसर काचेची असून ती उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी आत वळवलेली आहे. तरुण सदस्यांना हा दुसरा आराखडा मनापासून आवडला आहे, आणि असे काही सोलापुरात नाही हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. अडचण एवढीच की, रस्ता पश्चिमेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला हात लावता येत नाही, हे येथील वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

मला चौकोनी इमारतच हवी आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वाचनालयाकडे पाहून रस्त्याने जाणाऱ्याची पावले थबकावीत अशी माझीही इच्छा आहे. प्रश्न असा आहे की, वास्तूचे वेगळेपण केवळ तिच्या दर्शनी रूपात असते की ती जे काम करते त्यातून ते येते, आणि आपल्यासारख्या कोरड्या, तापट हवेच्या गावाने कोणत्या वेगळेपणाच्या मागे लागावे?

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. हैदराबादच्या रस्त्यावर नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि आपण त्या धरणाच्या भिंतीच्या आत, कोरड्या दालनात, खिडकीपाशी उभे राहून ते पाहत असतो. नदी अडवणारी भिंत आणि नदी पाहण्याची जागा या दोन्ही गोष्टी एकाच दगडी बांधकामात बसवण्याचे ज्याला सुचले, त्याने वेगळे दिसण्यासाठी म्हणून काही केले असेल असे मला वाटत नाही. तरीही तिथे गेलेला माणूस ती जागा विसरत नाही.

आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा बारकाईने अभ्यासलेल्या अशा वास्तूंविषयी लिहावे. छायाचित्रे मी भरपूर पाहिली आहेत. त्यापेक्षा आत उभे राहिल्यावर काय वाटले आणि ती इमारत वापरात कशी ठरली, हे कळाले तर अधिक उपयोग होईल.

---

तुळई

मी बांधकामाच्या संरचनांचे गणित करणारा माणूस आहे, त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरच्या गोलघुमटाविषयीच लिहितो, कारण सोलापूरच्या बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो आणि वरच्या सज्जात आरोळ्या ठोकून परत आलेले असतात. त्याच्या रचनेकडे मान वर करून पाहणारे मात्र थोडे.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पूर्ण झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि त्याची जाडी तीन मीटरांच्या आसपास आहे. खाली प्रत्येक बाजूला सुमारे ४१ मीटर असलेले चौरस दालन असून त्यात मध्ये एकही खांब नाही. आता चौरस भिंतींवर गोल घुमट ठेवायचा म्हटले की चार कोपऱ्यांचे काय करायचे हा प्रश्न येतो. तो जगभर निरनिराळ्या पद्धतींनी सोडवला गेला आहे. विजापूरच्या गवंड्यांची रीत त्यांत फार देखणी आहे. भिंतींपासून निघणाऱ्या आठ भव्य कमानी एकमेकींना छेदत जातात, आणि खालून पाहिले तर दोन चौरस एकमेकांवर तिरपे फिरवून ठेवल्याची आकृती दिसते. या छेदांमधून भरीव बांधकाम पुढे झुकत झुकत आत येते आणि वर एक वर्तुळ तयार होते. हे वर्तुळ घुमटाच्या आतील व्यासापेक्षा लहान आहे, त्यामुळे घुमट त्याच्या काठावर न बसता थोडा मागे सरकून बसतो आणि मधल्या मोकळ्या जागेत तो प्रसिद्ध सज्जा मिळतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते याच्या पुढचे. कोणताही घुमट आपल्या वजनाने खालच्या भिंतींना बाहेर ढकलत असतो. येथे आत झुकलेल्या बांधकामाचे प्रचंड वजन नेमके उलट दिशेला, म्हणजे आतल्या बाजूला ओढ लावते, आणि या दोन ओढी एकमेकींना बऱ्याच अंशी सावरतात. भिंतींच्या बाहेर स्वतंत्र टेकू दिलेले नाहीत. कोपऱ्यांवर जे सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, त्यांमधून वर जाण्याचे जिने आहेत. कुजबुज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाणे ही गोष्ट लोक चमत्कार म्हणून सांगतात. पण ती या रचनेतून ओघाने आलेली आहे. वक्र भिंतीला लागून ध्वनी सरकत जातो एवढेच ते आहे.

त्याच गावातील इब्राहिम रौझा आकाराने लहान आणि अधिक नाजूक आहे. कबरीच्या दालनावर सपाट दगडी छत आहे, आणि खालून पाहताना त्या दगडांना कशाचाही आधार दिसत नाही. चुन्याची पकड आणि सांध्यांची घट्ट जुळणी यांवर ते आजतागायत टिकून आहे. गोलघुमट पाहून दडपण येते. रौझ्याच्या छताखाली मी उभा राहिलो तेव्हा मात्र थोडी भीती वाटली होती, आणि त्या भीतीत आदरही मिसळलेला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

आता आपल्या काचेविषयी. आत वळवलेली काच हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. लंडनमधील २० फेनचर्च स्ट्रीट या उंच इमारतीची दर्शनी बाजू अशीच अंतर्वक्र आहे; २०१३ मध्ये, ती पूर्ण होत असताना, तिच्यावरून परावर्तित झालेले ऊन खालच्या रस्त्यावर एकवटले आणि तिथे उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. पुढे तिच्यावर उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. लॉस एंजेलिसमधील वॉल्ट डिस्ने संगीतगृहाच्या चकचकीत पत्र्यांचा काही भागही अशाच तक्रारींमुळे घासून निस्तेज करावा लागला होता. लंडनचे ऊन ते केवढे! आपल्याकडे पश्चिमेला तोंड करून, आत वळवलेली काच उभी करायची असेल, तर समोरच्या चहाच्या टपरीवाल्याचे म्हणणे आधी विचारून घ्यावे, असे मी सुचवीन.

---

साबरमतीकाठ

कापडधंद्याच्या निमित्ताने माझी अनेक वर्षे अहमदाबादेत गेली. मूळ गाव सोलापूरच. ग्रंथसदस्य यांचा प्रश्न वाचताना मला सर्वप्रथम आठवली ती तेथील गिरणीमालक संघाची इमारत. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी आखलेली ही वास्तू १९५४ मध्ये पूर्ण झाली. गिरण्यांच्या गावात गिरणीमालकांनी बांधवून घेतलेली इमारत म्हणून सोलापूरकराने तिच्याकडे पाहावेच. पण तिचा मुख्य धडा दिशांविषयीचा आहे, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे.

तिची रस्त्याकडील बाजू पश्चिमेची आहे आणि मागील बाजू पूर्वेला, साबरमतीकडे उघडते. पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या, जाड पट्ट्या तिरप्या बसवल्या आहेत. त्यामुळे संध्याकाळचे उतरते ऊन आत शिरत नाही आणि रस्त्यावरून आतले दिसतही नाही. पूर्वेला त्याच प्रकारच्या पट्ट्या सरळ आहेत, म्हणजे नदीवरचा वारा आणि नदीचे दर्शन दोन्ही मिळते. उत्तर आणि दक्षिण या बाजूंच्या भिंती जवळजवळ बंद आहेत. चारही बाजूंना एकच रूप द्यायचे आणि मग आत वातानुकूलन यंत्रे बसवत सुटायचे, या आजच्या रिवाजाच्या अगदी उलट ही रीत आहे. रस्त्यावरून एक लांब उतार थेट वरच्या मजल्यावर नेतो, आणि आत गेल्यावर आपण सावलीत आहोत की उघड्यावर, याचा पटकन उलगडा होत नाही. सभागृहाच्या भिंती वक्र आहेत. बाहेरून अत्यंत काटकोनी दिसणाऱ्या चौकटीत त्या अचानक भेटतात तेव्हा मजा वाटते.

त्याच शहरात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी स्वतःच्या कामासाठी बांधलेले ‘संगाथ’ आहे. दोशी मूळचे पुण्याचे, १९२७ चा जन्म. २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘संगाथ’ १९८० च्या सुमारास उभे राहिले. अर्धी इमारत जमिनीत उतरवलेली आहे आणि वर लांबट, अर्धगोल छतांची रांग आहे. छतांच्या थरांत मातीच्या पोकळ नळ्या घातल्या आहेत, जेणेकरून उष्णता आत उतरू नये, आणि वरून फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे अस्तर आहे, ते ऊन परतवून लावते. पावसाचे पाणी त्या छतांवरून पन्हळींतून वाहत खालच्या कुंडांत येते. बाहेर रणरणते ऊन असताना तीन-चार पायऱ्या उतरून आत गेलो तेव्हा अंगाला जाणवलेला फरक मी कोणत्याही छायाचित्रात दाखवू शकणार नाही.

दोशी यांनीच चित्रकार मक़बूल फ़िदा हुसेन यांच्यासाठी बांधलेली ‘अमदावाद नी गुफा’ ही १९९५ ची वास्तू याहूनही विचित्र आहे. जमिनीवर फक्त फुगीर पांढरे घुमट आणि उजेड घेणारी काही तोंडे दिसतात. आत सरळ भिंत नाही, सरळ खांब नाही, जमीनसुद्धा सपाट नाही, आणि तारेच्या जाळीवर लिंपलेले सिमेंटचे कवच अवघे इंचभर जाडीचे आहे. आराखडा संगणकाच्या मदतीने झाला आणि काम मात्र साध्या हत्यारांनी आदिवासी कामगारांनी केले. वाचनालयासाठी ती अर्थातच निरुपयोगी आहे, कारण तिच्या भिंतींना एकही कपाट टेकवता येणार नाही! पण मुले तिथे ज्या आनंदाने धावतात ते पाहिले की, उपयोगितेविषयीची आपली सगळी मते थोडी बाजूला ठेवावीशी वाटतात.

आपल्या हवेच्या दृष्टीने आणखी एक वास्तू सुचवतो, जी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. परंतु तिचे आराखडे बारकाईने पाहिले आहेत. आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांडो नावाच्या खेड्यात तेथीलच फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये प्राथमिक शाळा बांधली. भिंती मातीच्या विटांच्या. वर्गावर फटी सोडून रचलेले विटांचेच छत. आणि त्याच्यापासून बरेच वर, लोखंडी सळयांच्या हलक्या कैचीवर, म्हणजे छपराच्या सांगाड्यावर, उचललेला, भिंतींच्या बाहेरपर्यंत पसरलेला पत्रा. पत्रा तापला तरी खालच्या छताला तो टेकत नाही, मधून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा फटींमधून वर निघून जाते. बांधकामात गावकऱ्यांनी स्वतः हात लावला. केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर मिळाले. पत्र्याच्या घरात उन्हाळा काढलेल्या कोणालाही या उचललेल्या छपराचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

---

नक्षीदार

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही त्यांतून जो सूर निघतो आहे तो मला मान्य नाही. इमारतीचे वेगळेपण तिच्या कामातूनच आले तर खरे, आणि डोळ्यांसाठी केले तर ते उथळ, असे जणू ठरूनच गेले आहे. तुळई यांनी गोलघुमटाची रचना उत्तम उलगडून दाखवली. पण मुळात काही कबरींवर सावली धरण्यासाठी ४४ मीटरच्या घुमटाची कोणती निकड होती? एका सुलतानाला अफाट काहीतरी हवे होते. त्या हट्टापायी गवंड्यांना ते गणित सोडवावे लागले. म्हणजे आधी हौस आली आणि तिच्या मागोमाग बुद्धी आली.

आपल्या शहरातील इंद्रभुवनच घ्या. आप्पासाहेब वारद यांनी बांधवून घेतलेल्या या वाड्यात आज महापालिका आहे. युरोपीय धाटणीचे खांब, देशी घडणीची नक्षी, कमानी, गच्चीवरचे उंचवटे, मूर्तिकाम, असे सगळे एकत्र नांदते आहे. शुद्ध शैलीचा आग्रह धरणाऱ्याने नाक मुरडावे असाच तो प्रकार. तरीही घरपट्टी भरायला आलेला मनुष्य जाता जाता मान वर करून त्या दर्शनी भागाकडे पाहतो, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तिथून मुद्दाम फिरवून नेतो. त्या नक्षीमुळे इमारतीत एक अंशही गारवा आलेला नसेल. मग ती वाया गेली का?

सिडनीचे संगीतिका भवन (ऑपेरा हाऊस) मी मुलाकडे गेलो असताना पाहिले. योर्न उत्झोन या डॅनिश वास्तुविशारदाचे रेखाटन १९५७ मध्ये स्पर्धेत निवडले गेले तेव्हा ती शिडांसारखी कवचे बांधायची कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर त्यांना उत्तर सापडले ते असे की, सगळी कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची. वक्रता सर्वत्र सारखी झाली, त्यामुळे फासळ्या साच्यात ओतून जोडता आल्या आणि दहा लाखांहून अधिक फरशा ठरावीक नमुन्यांच्या फलकांत बसवता आल्या. इमारत उघडली १९७३ मध्ये. सुरुवातीचा अंदाज सत्तर लाख डॉलरचा होता आणि खर्च झाला दहा कोटी वीस लाख डॉलर. उत्झोन १९६६ मध्येच काम सोडून गेले आणि पूर्ण झालेली इमारत पाहायला ते कधीही परतले नाहीत. इतकेच नव्हे, तर मुख्य संगीतगृहाच्या ध्वनीविषयी कित्येक दशके तक्रारी राहिल्या; त्यासाठी केलेले मोठे नूतनीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. कामाच्याच कसोटीवर पाहिले, तर ही वास्तू फार उशिरा उत्तीर्ण झाली म्हणायची. पण बोटीतून जाताना त्या फरशांवर उतरते ऊन पाहिले, आणि एका शहराने एवढा वेळ आणि एवढा पैसा का सोसला हे मला कळले. जवळून पाहिले तर फरशा पांढऱ्याशुभ्र नाहीत. काही चमकदार आणि काही साईसारख्या मंद आहेत, म्हणूनच डोळ्यांवर झगमग येत नाही.

माझे म्हणणे असे की, काच नको असेल तर नसो, तुळई यांनी दिलेले कारण पुरेसे आहे. परंतु त्या तरुण सदस्यांची हौस मोडू नका. वाचनालयाला आज माणसे बाहेरून आत ओढून आणावी लागतात. पुण्यातील आयुका ही संस्था वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी कशी बांधली ते त्यांना दाखवायला घेऊन जा. काळ्या बेसॉल्टच्या भिंतींतून आत गेले की मध्ये पायऱ्या-पायऱ्यांचे कुंडासारखे अंगण आहे, आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन तिथे पुतळ्यांच्या रूपाने भेटतात. खगोलशास्त्राच्या संस्थेत तारांगणाचा सगळा पसारा दगडांतून सुचवलेला आहे, आणि त्याची एकही गोष्ट परकी वाटत नाही. दगड आपलाच, अंगणही आपलेच.

---

ग्रंथसदस्य, सोलापूर

सर्वांचे आभार. नक्षीदार यांच्या प्रतिसादाची प्रत मी कार्यकारिणीतील तरुण सदस्यांना आजच दाखवली. त्यांना वकील मिळाल्याचा आनंद झाला आहे. पश्चिमेला तिरप्या पट्ट्या आणि वर चिनी मातीच्या तुकड्यांचे अस्तर या दोन कल्पना दोन्ही बाजूंना पटण्यासारख्या वाटतात.

एक गोष्ट अजून सुटत नाही. पश्चिम बाजू अशी झाकून घेतली तर वाचनकक्षात उजेड कोठून घ्यावा? वाचनकक्ष वरच्या मजल्यावर आहे, आणि दक्षिणेला व पूर्वेला शेजारच्या इमारती अगदी भिडून आहेत. दिवसाउजेडी दिवे लावून वाचायचे, हे मनाला पटत नाही. कोणीतरी बैठकीत गिरणीच्या छपराचा उल्लेख केला होता. ते शक्य आहे का? दुसरे, एका ज्येष्ठ सदस्यांनी गारव्यासाठी माळवद, म्हणजे जुन्या पद्धतीचे मातीचे सपाट छप्पर, करावे असे सुचवले आहे.

---

साचेखाते

आपल्या बैठकीत ज्यांनी गिरणीचे नाव काढले त्यांना माझा नमस्कार सांगावा. सोलापूरच्या विलक्षण वास्तूंची यादी करताना किल्ला, सिद्धेश्वराचे देऊळ आणि इंद्रभुवन यांवरच सगळे थांबतात. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे ज्या गिरण्यांवर हे शहर पोसले, त्यांच्या शेडना कोणी वास्तू मानतच नाही. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. डबा पोहोचवायला मी लहानपणी आत जात असे.

साचेखात्याचे, म्हणजे मागांच्या विभागाचे, छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची, आणि दुसरी जवळजवळ उभी, काचेची. आणि ही काच नेहमी उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो, त्यामुळे शेकडो मागांच्या त्या प्रचंड शेडमध्ये कोणत्याही कोपऱ्यात उभे राहिले तरी उजेड सारखाच असतो आणि हाताची सावली सुतावर पडत नाही. तुटलेला ताणा शोधायचा, रंगीत सुताची छटा जुळवायची, तर असाच उजेड लागतो. ज्या छपराखाली दिवसभर एकेक धागा पाहता येतो, त्याखाली पुस्तकाची ओळ नक्कीच वाचता येईल.

तिथे सुख होते असा याचा अर्थ नाही. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून आत मुद्दाम दमटपणा राखत, खिडक्या उघडू देत नसत. तूस सतत उडत असे आणि साच्यांच्या आवाजात शेजारच्याशी खुणांनीच बोलावे लागे. वडिलांना पुढे कमी ऐकू येऊ लागले. तेव्हा उजेडाची युक्ती तेवढी घ्यावी. हवा खेळती ठेवण्यासाठी गांडोच्या शाळेचे उचललेले छप्पर अधिक बरे. दोन्ही एकत्र का करू नयेत, हे मात्र तुळई यांनी सांगावे.

एक पुस्ती जोडतो. करवती छपराचे दुखणे म्हणजे दोन दात्यांमधली पन्हळ. पहिल्या मोठ्या पावसात तिथे तूस, पाला आणि कबुतरांची पिसे अडकली की पाणी काचेच्या खालच्या कडेवरून आत उतरते. कापडाचा तागा भिजला तर वाळवता येतो. जुन्या पोथ्यांचे तसे नाही.

---

तुळई

साचेखाते यांनी पन्हळीचा मुद्दा काढला हे फार चांगले केले. पन्हळ रुंद ठेवावी, माणसाला तिच्यात उतरून चालता येईल एवढी. तिला दोन्ही टोकांना उतार आणि प्रत्येक टोकाला स्वतंत्र नळ द्यावा, आणि दुर्मीळ ग्रंथांची कपाटे पन्हळीच्या खालच्या रेषेत येऊ नयेत एवढी काळजी आराखड्यातच घ्यावी.

उजेडाविषयी एक बारीकसा हिशेब. उत्तरेचा उजेड थेट उन्हाविना असतो हे इंग्लंडमध्ये बऱ्याच अंशी खरे आहे. तिथून ही शेड आपल्याकडे आली. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि काचेवर ऊन येऊ शकते. २१ जूनलाही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८४ अंश उंच असतो, म्हणून काच अगदी उभी ठेवली तर एक मीटर उंचीच्या काचेला वरून दहा-अकरा सेंटीमीटर पुढे आलेला छोटा छज्जा पुरतो. काच तिरपी ठेवली, जशी अनेक शेडमध्ये असते, तर मात्र हे गणित बिघडते. सकाळ-संध्याकाळचे ईशान्य-वायव्येचे ऊन अडवण्यासाठी काचेशी काटकोनात बसवलेल्या थोड्या उभ्या पट्ट्या लागतील, आणि त्या पश्चिमेच्या पट्ट्यांच्याच घडणीच्या केल्या तर नक्षीदार यांचेही समाधान होईल.

उचललेला पत्रा आणि करवती छप्पर एकत्र करता येते. दात्याच्या उतरत्या बाजूवर वरून हातभर अंतर सोडून दुसरा पत्रा घ्यावा आणि वरच्या टोकाला गरम हवेसाठी जाळी लावलेली फट ठेवावी; जाळी बारीक हवी, नाहीतर कबुतरे आत संसार थाटतील. वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून कैचीला खाली पक्के धरून ठेवणे महत्त्वाचे आहे. मेमधल्या वळवाच्या वादळांत आपल्याकडे किती पत्रे उडतात ते सर्वांनी पाहिले आहे.

माळवदाविषयी मात्र स्पष्ट लिहितो. कड्या, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, ही रचना उन्हाळ्यात गारवा देते यात शंका नाही. आमच्या आजोळी मीही दुपारी माळवदाखालीच झोपलो आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची ही जड छपरेच माणसांच्या अंगावर आली. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकत गेल्याने छपरांचे ओझे वाढतच गेलेले होते. वरच्या मजल्यावर वाचनकक्ष आणि त्याच्या डोक्यावर एवढे वजन, हे मी कोणत्याही परिस्थितीत सुचवणार नाही. माळवदाचा गारवा येतो तो उष्णता आत उतरायला लागणाऱ्या वेळामुळे; तेच काम मातीच्या पोकळ नळ्यांचा हलका थर आणि वर चिनी मातीचे पांढरे तुकडे करू शकतात, जसे ‘संगाथ’मध्ये आहे. फुटक्या कपबशा आणि फरशा गोळा करायचे काम आपल्या तरुण सदस्यांकडे द्यावे, म्हणजे बाजारातून एकसारख्या फरशा आणण्याचा मोह कोणाला होणार नाही आणि नमुनाही त्यांच्याच हाताने ठरेल.

आराखड्याची उत्तर दिशा शेजारच्या इमारतींच्या उंचीसह मला पाठवावी. करवतीचे दाते किती उंच घ्यावे लागतील ते काढून कळवतो.